फिलू, आपण काम संपू दिलं नाही

फिलू,

तुझ्या मातीला मी उशिरा पोचले. चर्चची घंटा वाजून गेली होती, पाद्रीबाबांचं निम्मं बोलणं झालं होतं, आणि मी घामाघूम होऊन मागच्या बाकावर टेकले तेव्हा तुझ्या भाचीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिचा विश्वास बसत नव्हता. घड्याळाशी जन्मभर संसार केलेली ही शालू उशिरा. आणि एक लग्न, एक बारसं, एक मिसा जिने कधी वेळेवर गाठली नाही ती तू, सगळ्यांच्या आधी येऊन, पाय जुळवून, नीटनेटकी पुढे आडवी. हा डाव तू मुद्दाम साधलास.

पाद्रीबाबा नवे आहेत, तरुण आहेत. त्यांनी सांगितलं की तू शांत होतीस, मितभाषी होतीस, आणि वाचनालयात वरिष्ठांच्या आज्ञेत राहून तू आयुष्यभर सेवा केलीस. ‘आज्ञेत’ या शब्दाला मला ठसका लागला. भाचीने पाण्याची बाटली पुढे केली. तिला वाटलं, म्हातारीला भरून आलं.

तर तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझा स्वभाव हे सगळं इतरांनी सांगून झालं आहे, ते तसंच राहू दे. मी तुझ्याशीच बोलते. आपलं एक भांडण शिल्लक होतं. ते परवा अचानक निकालात निघालं, आणि निकाल ऐकायला तू नाहीस. हे काही बरं केलं नाहीस.

मी मुंबईहून आले त्या दिवसाची नक्कल तू शेवटपर्यंत करायचीस. बोटीतून पडावात, पडावातून किनाऱ्यावर. ट्रंक खलाशाच्या डोक्यावर आणि माझ्या हातात ग्रंथपालनाचा वर्ग पास झाल्याच्या प्रमाणपत्राची सुरळी. उतरताना लाट आली, मी कमरेपर्यंत भिजले, पण सुरळी डोक्याच्या वर धरलेली. “वसुदेवान किसनाक धरल्यान तसां,” तू सांगायचीस. दशावतार बघायला तू पहिल्या रांगेत असायचीस, म्हणून तुला वसुदेव माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तेव्हा आपला जिल्हा रत्नागिरी. वाचनालय बंदराच्या रस्त्यावर. खाली काथ्याचं गोदाम, वर आपण. कादंबरी राजवाड्याची असो की जंगलाची, पान उघडलं की वास सुंभाचा. तू माझ्या आधीपासून तिथे होतीस. मी ‘प्रशिक्षित’ म्हणून आले. जिना चढून वर पाऊल टाकलं तेव्हा तू एका हाताने कुणाच्या तरी नावावर पुस्तक लिहीत होतीस, दुसऱ्या हाताने चिकटवायची खळ ढवळत होतीस, आणि तोंडाने खिडकीतून खालच्या मासेवालीशी बांगड्यांवरून हुज्जत घालत होतीस. मी मनात म्हटलं, या बाईला पद्धत नाही. मी तेवीस वर्षांची होते. जगाला पद्धत लावायची राहिली आहे ती माझ्यासाठीच, असं वाटायचं ते वय.

आठवड्याच्या आत मी वेळापत्रक केलं. पुठ्ठ्यावर, लाल आणि निळ्या शाईत, पट्टीने रेघा मारून. वर्तमानपत्रं लावणे. झाडलोट. परत आलेली पुस्तकं जागेवर. शिवणीला काढायची पुस्तकं वेगळी करणे. वाचकांशी संभाषण, पंधरा मिनिटं. ते मी दारामागे टांगलं आणि बाजूला उभी राहिले, तू दिपून जाशील म्हणून.

तू वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलंस. “बरां आसा,” म्हणालीस. “आणि मुताक कधी जावचां? तां खंय लिवलला नाय.”

मी शुद्ध भाषेत म्हटलं, “ते वैयक्तिक वेळेत येतं.”

“मगे वैयक्तिक वेळ खंय आसा?”

नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो हिरव्या शाईने घातला. तू हसली नाहीस, याचा मला अजून राग आहे. हसली असतीस तर मी तुला उत्तर दिलं असतं.

आणि मग ती दुपार. आपल्या गावाची दुपार बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. कढी-भात पोटात गेला की दुकानांच्या फळ्या लागतात, पोस्टातला माणूससुद्धा खुर्चीत मान टाकतो, आणि चार वाजता कपबशा वाजेपर्यंत सारं गाव मेल्यासारखं पडतं. मला ही वेळ सोन्यासारखी दिसली. सगळ्या पुस्तकांचं दशांश पद्धतीने वर्गीकरण करायचं होतं, प्रत्येक पुस्तकामागे तीन कार्डं: एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या, एक विषयाचं. सावंतवाडीच्या सुताराकडून पितळी कड्यांचे खण करून आणले होते. सकाळ-संध्याकाळ वाचक. काम करायचं कधी? दुपारी.

तुला तीच दुपार वेगळ्या कारणासाठी हवी होती. “सगळो गाव झोपता तेव्हाच बायलमाणसाक वेळ गावता,” तू म्हणायचीस. संध्याकाळी वाचनालयात पुरुष. बायकांनी पुस्तक मागवायचं तर नवऱ्याकरवी. तो आणणार ते त्याला आवडलेलं. मी येण्याच्या आधी तू समितीपुढे अर्ज केला होतास की दुपारी बायकांसाठी उघडू द्या. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, “मग चार वाजता चहा कोण ठेवणार?” एवढ्यावर अर्ज बारगळला.

मी मागितलं तेव्हा मात्र दुपार लगेच मिळाली. चिटणीस भाऊसाहेब ठराव वाचायला उभे राहिले, दशावतारातल्या रावणाच्या आवाजात: वर्गीकरणाचे काम होईपर्यंत दुपारी वाचनालय उघडे ठेवण्यास हरकत नाही, काम पूर्ण होताच पूर्ववत बंद करावे. पुढचं दार लावून घ्यायचं, विहिरीकडचा मागचा जिना वापरायचा, आत फक्त आपण दोघी.

मी विजयी मुद्रेने तुझ्याकडे पाहिलं. तू छताकडे पाहत होतीस.

दुसऱ्याच दुपारी मागच्या जिन्यावर बांगड्या वाजल्या. एक आली, मग दोघी, मग पदर डोक्यावर घेऊन साक्षात भाऊसाहेबांची बायको, माई. वहाणा जिन्याखाली काढून, पाय न वाजवता वर.

“या कोण?” मी विचारलं.

“मदतीक इल्यो,” तू म्हणालीस.

मदत कसली? खळीचं भांडं माझ्याकडे सरकवायचं आणि कादंबरी घेऊन भिंतीला टेकायचं. एकीचं रडणं, दुसरीचं ‘शुः’, तिसरीचं शेवटचं पान आधी वाचून सगळ्यांना सांगून टाकणं. मी वेळापत्रकात लाल शाईने एक नवी ओळ घातली: व्यत्यय.

त्यांच्यात एक आनंदी होती. तिला मात्र कादंबरी नको होती. नवरा होडीवर गेला तो परत आला नव्हता, पदरी मूल नाही, सासू कडक. आनंदीला फायनलची परीक्षा देऊन मास्तरीण व्हायचं होतं, आणि सासूला पुस्तक दिसलं की सासू ते चुलीत घालायची. सासू दुपारी घोरायला लागली की आनंदी निसटायची. इतिहासाच्या कपाटामागे तू तिला व्यवहारी अपूर्णांक शिकवायचीस. मी तिथून कार्डं घेऊन जाताना म्हणायचे, “जरा सरका.”

आणि माझं काम पळत होतं. मी कागदावर आखलं होतं, गणपतीच्या आत काम पुरं. तेवीस वर्षांच्या त्या मुलीची समजूत अशी, की काम चोख आणि वेळेआधी झालं की समिती खूश होईल आणि बक्षीस म्हणून बायकांना दुपार देऊन टाकेल. तिला दशांश पद्धत येत होती. समित्या येत नव्हत्या.

पावसाळा लागला आणि पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या गळायला लागल्या. आज धर्माचं कपाट पुरं करावं, चार दिवसांनी बघावं तर निम्मी पुस्तकं बिनानंबराची. मी झुरळांना दोष दिला. आपली खळ भाताची. झुरळांना ती जेवणासारखी. मी नवी खळ केली आणि तिच्यात मोरचूद घातलं. बाइंडर लोक घालतात, कीड तोंड लावत नाही म्हणून. निळसर, कडू, विषारी खळ. पुन्हा सगळ्या चिठ्ठ्या लावल्या. पुन्हा गळल्या.

मग मी ओलाव्याला दोष दिला. कपाटांखाली कोळशाच्या शेगड्या फिरवल्या. तू अगदी काळजीने म्हणायचीस, “पावसाळो वायट गो.” खळीच्या बाजूने दोन शब्द, ओलाव्याच्या विरुद्ध दोन शब्द. कुणाला वाटेल, तूसुद्धा माझ्याइतकीच कष्टी आहेस.

एकदा मला दुपारी बरं वाटेना. तूच म्हणालीस, “घराक जा, नीज.” मी निम्म्या वाटेवरून परत फिरले, कारण वेळापत्रकात आजारपणाला जागा नव्हती. मागच्या जिन्याने वर आले. गॅलरीत स्टोव्हवर चहाची किटली उकळत होती. तू एक पुस्तक तिच्या चोचीसमोर धरलं होतंस, वाफेवर, जशी एखादी आई लेकराला शेक देते. चिठ्ठी सुटली की बोटाने अलगद ओढून घेत होतीस आणि सांभाळून एका ताटलीत ठेवत होतीस. मोरचूद वाया जाऊ नये म्हणून असेल.

माझी शुद्ध भाषा त्या क्षणी गेली. “फिलू! ह्यां काय करतंस?”

तू दचकली नाहीस. किटली खाली उतरवलीस, मला चहा ओतलास, आणि म्हणालीस, “तुजां काम कधी संपतलां?”

“गणपतीच्या आधी!”

“आणि आनंदीची परीक्षा कधी?”

परीक्षा उन्हाळ्यात होती.

“अगो, तुजां काम संपलां काय दुपार बंद. मगे ती खंय बसतली? तुज्या डोक्यार?”

मी म्हटलं, समितीला आपण समजावून सांगू. तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती मी नंतर पुष्कळांकडे वापरली आहे. “सांगून झालां मा,” तू म्हणालीस. “तेंका चाय व्हयी.”

आतून आनंदीचा आवाज येत होता. ती पाढे म्हणत होती, अगदी हळू, सवयीने. स्वतःच्या घरात बसून म्हणता येत नाहीत म्हणून तिला मोठ्याने म्हणायचं ठाऊकच नव्हतं. मी चहा प्यायले. रागाने प्यायले, पण प्यायले.

आणि मग, फिलू, मी तुला म्हटलं की तुझी पद्धत अगदी गावठी आहे.

हे तुला आठवत असेलच, कारण तू ते सगळ्यांना सांगायचीस. वाफेवर चिठ्ठ्या काढणं म्हणजे चोरीमारी. आज ना उद्या पकडली जाणार. काम लांबवायचं तर ते नियमात बसवून लांबवायला हवं. मी त्या संध्याकाळी नवा पुठ्ठा घेतला. काम वेळेत संपवणं कुणालाही जमतं. काम वर्षानुवर्षं, अब्रूने, कुणालाही बोट ठेवायला जागा न देता चालू ठेवणं, याला आखणी लागते. आधी लेखकांची कार्डं. ती झाली की त्यांची फेरतपासणी, दुसऱ्या हाताने. मग पुस्तकांची. मग विषयांची. एका विषयाचं पुस्तक दुसऱ्या विषयातही बसत असेल तर त्याचा निर्देश. पावसाळ्यात कार्डं फुगतात, ती नव्याने लिहिणं. शिवणीहून आलेल्या पुस्तकांच्या पाठी बदलतात, म्हणून नव्या चिठ्ठ्या. दर्याकाठच्या वाचनालयात यातलं एकही काम खोटं नव्हतं. फक्त ती एकामागून एक अशी लावली होती की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात जुनी झालेली असावी. माझ्याइतकं शिस्तीत रेंगाळणं कुणाला साधलं नसतं. तू तो पुठ्ठा वाचलास आणि पहिल्यांदा माझ्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलंस.

त्यानंतरच्या दुपारी मला आयुष्यात सगळ्यांत जास्त आवडल्या. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्याचीही नक्कल केली असतीस.

वार्षिक सभा मात्र माझा जीव घ्यायची. भाऊसाहेब अहवाल हातात धरून उभे राहायचे आणि रावणाचा आवाज घुमायचा. “दोन बायका! इतकी वर्षं! आणि काम अजून संपत नाही?” मी उठून फेरतपासणी, निर्देश, हवामान असं सगळं सांगायचे. माझे गुडघे लटपटायचे. नोकरी जाईल, तुझी जाईल, दुपार जाईल. भाऊसाहेब कागद टेबलावर आपटायचे. “पुढल्या वर्षी ही सबब चालणार नाही!” बाकीचे सभासद माना हलवायचे, आणि बाई कामसू आहे पण मंद आहे असा माझ्याबद्दल त्यांचा मवाळ निष्कर्ष व्हायचा. घरी येऊन मी वेळापत्रक आणखी कडक करायचे. तू सभेत पेंगायचीस. मला वाटायचं, हिचं काळीज वाघाचं आहे.

एकदा मात्र तूही हललीस. श्रावणातली दुपार, आकाश भरून आलेलं. भाऊसाहेब खाली गोदामात कुणाला भेटायला आले होते आणि त्यांना आठवलं की सकाळी पेपर वाचताना छत्री वर राहिली. पुढचं दार बंद, म्हणून ते मागच्या जिन्याकडे आले. त्यांचा खोकला मला ओळखीचा. आत भिंतीला टेकून सगळ्या बसलेल्या, माई धर्माच्या कपाटाला पाठ लावून कसली तरी प्रेमकथा वाचताहेत, आनंदीच्या मांडीवर पाटी. पहिली पायरी करकरली.

तू जिन्याच्या तोंडाशी धावलीस. “भाऊसाहेब, वर येव नकात! आताच फळ्यो पुसलंय, घसरून पडशात!”

“माझी छत्री राहिली आहे.”

“फाल्यां घेवा!”

जिन्याखाली, पावसात भिजू नयेत म्हणून, सगळ्यांच्या वहाणा ओळीने ठेवलेल्या होत्या. त्यांत माईंच्याही. पावसाचा पहिला सडाका कौलांवर आला. मग भाऊसाहेबांचा आवाज, नेहमीपेक्षा हलका: “बरं. चालू द्या.” आणि ते तशा पावसात चालते झाले.

माई रडायला लागल्या की हसायला, ते कळेना. आणि आपलं भांडण तिथून सुरू झालं.

“तेका कळलां गो,” तू म्हणालीस. “बायलेच्या वहाणा बघितल्यान. नायतर एवढ्या पावसात छत्री टाकून कोण जाता?”

मी म्हटलं, पुरुष बायकोचा चेहरा नीट बघत नाहीत, वहाणा काय ओळखणार? कळलं असतं तर पुढच्या सभेत इतके ओरडले असते का? तू म्हणायचीस, ओरडतात म्हणूनच कळलं आहे. मी म्हणायचे, हे तर्कशास्त्र कुठल्या नंबराखाली लावू? भाऊसाहेबांना ठाऊक आहे हे मी मानलं असतं तर माझी सगळी भीती फुकट गेली असती, आणि भीतीवर मी किती कष्ट घेतले होते! म्हणून मी मानलं नाही.

आनंदी दुसऱ्या खेपेला पास झाली. कुणकेश्वराच्या बाजूच्या शाळेत लागली. निघायच्या आदल्या दुपारी ती आपल्याला भेटायला आली ती पुढच्या दाराने, आणि ते बंद असल्याने बराच वेळ उन्हात ठोकत राहिली. दोघींनाही ऐकू येत होतं, पण पुढचं दार कोण ठोकतंय हे भीतीने बघायलाच गेलो नाही. शेवटी ती रडकुंडीला येऊन विहिरीकडून वर आली. मी म्हटलं, आता तरी काम संपवू या. तू इतिहासाच्या कपाटाकडे बोट दाखवलंस. तिथे गणिताची पाटी घेऊन दुसरीच कुणी बसली होती.

अशी ती दुपार चालली. साठाच्या दशकाच्या अखेरीला नवी समिती आली, तिच्यात दोन बायका आल्या, आणि एका बैठकीत, चहाचा विषय न निघता, दुपारची वेळ महिलांसाठी अशी पाटी मंजूर झाली. पाटी लागली त्या महिन्यात आपण राहिलेली सगळी कार्डं लिहून टाकली. इतक्या भराभर की मलाच संकोच वाटला. भाऊसाहेब तोवर चिटणीसपदावरून उतरले होते. पुढे ते गेले. आणि तू आणि मी, दोघी निवृत्त, दोघी म्हाताऱ्या, दर रविवारी तुझ्या मिसेनंतर तुझ्या पडवीत बसून वहाणांवर भांडत राहिलो. माझे नातू कंटाळून म्हणायचे, आजी, आता नवीन विषय काढा.

परवा माई आल्या. सुनेने रिक्षातून आणलं. कमरेत वाकल्या आहेत, कान मात्र शाबूत. तू गेलीस म्हणून माझ्याकडे बसायला आल्या. दुसरं कुणाकडे जाणार? चहा झाला. तुझ्याबद्दल थोडं बोलणं झालं. मग मी म्हटलं, विचारून टाकावं, माणसं भराभर निघून चालली आहेत.

“माई, त्या दिवशी भाऊसाहेबांना कळलं होतं का हो?”

“खंयच्या दिसा?”

“छत्री राहिली त्या दिवशी. तुमच्या वहाणा जिन्याखाली होत्या.”

माई हसल्या. “अगो, त्या दिसा कशाक? ह्यांका पयल्या दिसापासून ठावक होतां. ह्यांका इचारल्याशिवाय मी घराभायर पडतलंय?”

“मग सभेत ते ओरडायचे ते?”

“आदल्या दिसा माज्यासमोर तालीम! ‘आवाज मोठो झालो काय गो?’ म्हणान इचारीत. हे बोंबाटले नसते तर बाकीचे बोंबाटले असते, आणि दुपार बंद करून टाकल्यानी असती. आणि माका ताकीद: त्या दोघींका सांगा नको, नायतर काम संपवन टाकतल्यो.”

मी कपबशी खाली ठेवली. इतकी वर्षं गुडघे लटपटवले ते एका तालमीतल्या रावणापुढे! पण मला माझ्या गुडघ्यांपेक्षा तुझी आठवण आधी आली. म्हटलं, “फिलू म्हणत होती. मीच कधी ऐकलं नाही. आज असती तर नाचली असती.”

“फिलूक ठावक होतां मा,” माई म्हणाल्या. “छत्रीच्या दुसऱ्याच दिसा मी तिका सगळां सांगलंय.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तीच नको म्हणाली. म्हणता कशी, शालूक सांगा नकात. ती भियाली काय काम बरां करता.”

भियाली म्हणे!

माई गेल्यावर मी कपबशा विसळायला घेतल्या. सभेत तू पेंगायचीस ते वाघाचं काळीज म्हणून नव्हे, हे आता कळलं. ते ठीक आहे. तेवढं मी माफ करते. पण नंतर? पाटी लागली, भाऊसाहेब गेले, भ्यायला काही उरलं नाही, तेव्हा का सांगितलं नाहीस? रविवारमागून रविवार तू वहाणांचा मुद्दा काढायचीस, मी पुरुषांच्या नजरेचा. तू छत्रीचा, मी रावणाचा. तुला उत्तर ठाऊक होतं. एका वाक्यात भांडण संपलं असतं, आणि भांडण संपलं की रविवार बंद.

गेल्या महिन्यात आपण शेवटचं भेटलो तेव्हा दवाखान्यात तुझ्या नाकात नळी होती. मी उशाशी स्टुलावर बसले. तूच डोळे न उघडता म्हणालीस, “एवढ्या पावसात छत्री टाकून कोण जाता गो?” आणि मी, शहाणी, घसा साफ करून सगळे मुद्दे पहिल्यापासून मांडायला लागले. तुला दम लागत होता. तरी मी थांबले की तू म्हणायचीस, “मगे?” मी पुढे सांगायचे. पुन्हा “मगे?” माझे मुद्दे अजून उरले होते. मग नर्स आली आणि म्हणाली, भेटायची वेळ संपली. मी तुझी चादर सारखी केली, घड्याळाकडे बघितलं, आणि लगेच उठले.